शिडी कापलेला बुटका

ज्या खेळात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही, त्याला आमची पिढी खेळ म्हणायलाच तयार होत नाही. कबड्डीत गुण मोजतात, कॅरममध्ये राणी कोणी घेतली ते पाहतात आणि पत्त्यांच्या डावावरून तर सख्ख्या भावांत आठ-आठ दिवस अबोला धरलेला मी पाहिला आहे. परंतु १९७४ सालापासून अमेरिकेत असा एक खेळ चालत आला आहे, की त्यात चार-पाच मित्र टेबलाभोवती तीन-चार तास बसतात, बोलतात, फासे टाकतात, वहीत टिपणे घेतात, आणि उठताना कोणीच जिंकलेला नसतो. पुढच्या बैठकीला गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे चालू. काही मंडळींची एकच गोष्ट वर्षानुवर्षे चालते. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. मराठीत 'भुयारे आणि ड्रॅगन' म्हणू. आता मुंबई-पुण्याकडची कॉलेजातली आणि नोकरीला लागलेली मुलेही तो खेळू लागली आहेत.

जादूगार, राक्षस, मंत्रतंत्र या पानावर कशाला, असे काही वाचक म्हणतील. म्हणणे रास्त आहे. गंडेदोरे आणि अंगारे-धुपारे घराबाहेर काढण्यात आपल्या वडीलधाऱ्यांची हयात गेली. पण या खेळातल्या जादूगाराचा मंत्र रेशनच्या साखरेसारखा मोजून मिळतो. दिवसाला इतकेच, संपले की उद्या. तो किती फुटांवर चालतो, किती मिनिटे टिकतो, हे सगळे कोष्टकात छापलेले असते. टेबलाभोवतीच्या एकाही माणसाचा जादूवर विश्वास नसतो. विश्वास बसला तो बाहेरच्यांचा! १९७९ साली मिशिगनमधल्या एका विद्यापीठातला सोळा वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क लढवला, की मुलगा विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळायला गेला आणि हरवला. मुलगा काही आठवड्यांनी भलत्याच राज्यात सापडला, त्याच्या जाण्याची कारणे त्याच्या स्वतःच्या मनातल्या दुःखात होती. पण वर्तमानपत्रांनी बोगदा धरला तो धरलाच. पुढे १९८०च्या दशकात धर्मप्रचारकांनी ओरड केली, की या खेळातून मुले सैतानाची पूजा शिकतात. १९८३ साली खेळाला विरोध करण्यासाठी खास संस्थाही निघाली. म्हणजे अंधश्रद्धा टेबलावर नव्हती, खिडकीतून डोकावणाऱ्यांच्या डोक्यात होती. असो.

आता खेळ कसा चालतो ते सांगतो. एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात, मला आपला 'सूत्रधार' शब्दच पटतो. तो सांगतो, "तुम्ही जंगलातल्या वाटेवर आहात, समोर ओढा आहे, पलीकडे धूर दिसतो." बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. प्रत्येकापुढे पात्राचा कागद असतो, तो पाहून मला सरकारी नोकराच्या सेवापुस्तकाची आठवण झाली. नाव, वंश, पेशा, कितवी पायरी, आणि सहा रकाने: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण यांना दोन वेगळे रकाने ठेवले आहेत, हे मला फार आवडले. एकात अठरा आणि दुसऱ्यात सहा असलेली माणसे प्रत्येक ऑफिसात भेटतात.

पात्राला काही अवघड करायचे असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या आकड्यात आपल्या गुणाची भर घालायची आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला की काम झाले. साधारण अवघड कामाला पंधरा लागतात, कठीण कामाला वीस. वीस बाजू म्हणजे प्रत्येक बाजूला पाच टक्के. तेवढे गणित आले की खेळ येतो.

कल्याणला बहिणीकडे एका रविवारी भाचीची मित्रमंडळी जमली होती, तेव्हा ही बैठक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पाच जण होते. सूत्रधार इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, भाची बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी, आणखी दोन मुली, एक औषधांच्या दुकानात काम करणारा मुलगा. भाचीचे पात्र बुटका, म्हणजे युरोपातल्या लोककथांत डोंगर पोखरून धातू काढणारे जे ठेंगणे दाढीवाले लोक असतात त्यांपैकी एक. हातात कुऱ्हाड. छाप आठ, म्हणजे वाईटच. बोलून काही मिळवायचे तर फाशात एक उणे.

गोष्ट अशी होती. एका गावाच्या पुलावर ऑर्क येऊन बसले आहेत, कोणाला पलीकडे जाऊ देत नाहीत. ऑर्क म्हणजे या खेळातली रानटी, दांडगी जमात. १९७७ सालच्या पुस्तकातल्या चित्रात तर त्यांना डुकराची तोंडे काढली होती. गावकऱ्यांनी आमच्या पाच... नव्हे, चार वीरांना पन्नास सोन्याची नाणी देऊ केली: पूल मोकळा करा. मला वाटले, आता कापाकापी सुरू होणार. औषधवाला मुलगा तर बाण काढून बसलाच होता. पण भाची म्हणाली, "माझा बुटका आधी बोलायला जातो." त्यावर त्यांची अर्धा तास वादावादी झाली. शेवटी गेली. सूत्रधाराने पंधरा आकडा सांगितला. एक उणे असल्याने तिला सोळा किंवा वर हवे होते, म्हणजे वीसपैकी पाच बाजू, पंचवीस टक्के. पडले अकरा. ऑर्कांनी दगड मारून तिला परत पाठवले.

मग चष्मेवाल्या मुलीने सहज विचारले, "पण हा पूल बांधला कोणी?"

सूत्रधार गप्प. त्याने तेवढा विचारच केला नव्हता. "चहा घेऊ या," म्हणाला. मी त्याच्याकडे पाहत होतो. चहा पिता पिता तो वहीत काहीतरी खरडत होता. परत बसल्यावर त्याने सांगितले, की पुलाच्या कमानीखाली दगडांवर खुणा आहेत, आणि त्या ऑर्क पाथरवटांच्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या बापांनी हा पूल बांधला, गावाने मजुरी बुडवली. खोलीत एकदम शांतता पसरली. आता भाचीकडे बोलायला काहीतरी होते, म्हणून सूत्रधाराने पुन्हा फासा टाकू दिला, आणि चष्मेवाली सोबत गेली म्हणून दोन फासे टाकून त्यातला मोठा धरायची सवलत दिली. पंचवीस टक्क्यांचे चव्वेचाळीस टक्के झाले. मी मनात हिशेब करून पाहिला, बरोबर आहे. फासे पडले सहा आणि सतरा. सतरातून एक वजा, सोळा. झाले काम! पुढचा दीड तास गावच्या पाटलाकडून चाळीस वर्षांची थकबाकी वसूल करण्यात गेला, आणि मला वाटते इतकी मजा त्यांना लढाईत आली नसती. व्याज लावायचे की नाही यावर तर मलाही विचारण्यात आले. मी सरळ व्याज लावा म्हटले, चक्रवाढ लावले तर पाटील पळून जाईल.

बैठक संपल्यावर प्रत्येकाच्या कागदावर अनुभवाचे गुण चढले. भाचीचा बुटका तिसऱ्या पायरीवर गेला. नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडून जो प्रश्न निघायचा तो निघाला. मी विचारले, "हा कितव्या पायरीपर्यंत जाऊ शकतो?"

"विसाव्या, काका," सूत्रधार म्हणाला. "सगळेच जाऊ शकतात. पूर्वी बुटक्याला सहावीपर्यंतच जाता यायचे."

"का? काय चुकायचं त्याचं?"

"काही नाही. बुटका होता म्हणून."

घरी आलो तरी हे डोक्यातून जाईना. मग शोध घेतला, आणि जे सापडले ते सांगण्यासाठीच आजचा लेख.

खेळ जन्मला तो अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावात. गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ विमा कंपनीत जोखीम तपासायच्या कामावर होता. १९७० साली त्याची नोकरी गेली. घरात पाच मुले. त्याने काय करावे? घरी बूट दुरुस्तीचे काम सुरू केले. दिवसा बुटांना तळवे लावायचे, रात्री खेळांचे नियम टाइप करायचे. विम्यातली कोष्टके त्याच्या हातात बसलेली होतीच. पुढे त्याच्या पुस्तकांत कोष्टकांचा जो पाऊस पडला त्याचे मला तरी नवल वाटत नाही.

मूळ कल्पना मात्र एकट्याची नव्हती. मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने १९६९ साली युद्धखेळात एक वेगळाच प्रयोग केला होता: सैन्ये हलवण्याऐवजी प्रत्येक खेळाडूला एका गावातला एकेक माणूस दिला. हा नगराध्यक्ष, हा बँकवाला, हा विद्यापीठाचा प्रमुख. सगळा गोंधळ झाला. वेस्लीला वाटले प्रयोग फसला, खेळाडू म्हणाले पुन्हा कधी? त्या टोळक्यातलाच डेव्ह आर्नेसन. त्याने १९७१च्या सुमारास किल्ला, भुयारे आणि राक्षस आणले, आणि एकाच पात्राने बैठकीमागून बैठक वाढत जायचे ही युक्ती आणली. १९७२ साली त्याने लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्सला खेळ दाखवला. गायगॅक्सने नियम लिहून काढले. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्याने डॉन के या बालमित्राबरोबर छोटी कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार, पेट्या घरीच भरलेल्या. पेटीवर नावे गायगॅक्स आणि आर्नेसन दोघांची. पुढच्या वाढीव पुस्तकांच्या मानधनावरून मात्र आर्नेसनला १९७९ साली कोर्टात जावे लागले, तडजोड १९८१ मध्ये झाली. पूल बांधणाऱ्याची मजुरी ही गोष्टीतच बुडते असे नाही.

आता त्या पहिल्या पेटीतला नियम. माणसाला पायऱ्यांची मर्यादा नाही. बुटका फक्त लढवय्या होऊ शकतो, आणि सहाव्या पायरीच्या वर कधीच जाणार नाही. हॉबिट नावाचे आणखी ठेंगणे लोक, त्यांना चौथी पायरी. लांब कानांच्या एल्फांना लढाईत चौथी, जादूत आठवी. कितीही पराक्रम करा, कितीही राक्षस मारा, गुण साठत राहतील, पायरी चढणार नाही. जादूगाराचा पेशा म्हणजे या खेळातला पोथीचा पेशा, मंत्राची वही उघडून अभ्यास करायचा. तो बुटक्याला मुळातच बंद.

१९७८ साली मोठे सुधारित पुस्तक आले तेव्हा सुधारणा काय झाली? बुटक्या लढवय्याची मर्यादा नवव्या पायरीपर्यंत वाढली, तीही अंगात अठरा बळ असेल तर. या पुस्तकात अर्धा माणूस, अर्धा ऑर्क असे पात्रही घेता येऊ लागले. त्याला पोथी बंदच. धर्मोपदेशक व्हायचे तर चौथी पायरी, लढवय्या दहावी, चोर आठवी. आणि मारेकरी व्हायचे असेल तर? तिथे मर्यादा नाही! बुटके, एल्फ, हॉबिट यांनाही बिनमर्यादेचा पेशा एकच ठेवला होता, चोराचा. हे कोष्टक मी तीनदा वाचले. ज्या देशात १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, त्या देशातल्या वाचकाला या कोष्टकावर टीप लागत नाही. त्याच पुस्तकात बायकांचाही रकाना होता. बळाच्या सगळ्यांत वरच्या श्रेणीत पुरुष लढवय्या शंभर टक्क्यांपर्यंत जाई, बाई पन्नासवर थांबे. आग ओकणारे ड्रॅगन चालतात, भिंतीतून जाणारी भुते चालतात, पण पुरुषाएवढी बळकट बाई काही कल्पनेत बसेना.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती, ज्याला शिडीच नाही आणि जो ज्या मजल्यावर जन्मला तो त्याच मजल्यावर मरतो. लेक जिनिव्हाच्या माणसाने ती वाचलेली असण्याचे कारण नाही. त्याच्या मनोऱ्याला शिडी होती, फक्त काहींची मधेच कापलेली. बूट शिवून मुले वाढवणाऱ्या माणसाला त्याच्या गावात कोणी जन्मभर त्याच पाटावर बसवले नाही, तो उठून ग्रंथकर्ता झाला; आणि त्याच्याच हातून असे कोष्टक लिहिले गेले. दुष्टावा असेल असे मला वाटत नाही. त्याची बाजू त्याने लिहूनही ठेवली आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. बुटक्याला अंधारात दिसते, दगडातले कळते, विष कमी बाधते. एल्फाला तर आणखी बरेच काही. माणसाला यातले काहीच नाही. मग माणूस व्हायला कोण तयार होईल? खेळातले जग माणसांचे राहावे म्हणून इतरांची वाढ रोखली. समतोल राखण्यासाठी, असे त्याचे म्हणणे.

समतोलाचे हे कारण मी कुठे ऐकले होते ते आठवायला वेळ लागला नाही. सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि बिंदुनामावली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांनाही आठवेल. कार्यक्षमता टिकली पाहिजे, समतोल राहिला पाहिजे. आणि राखायचा तो दर वेळी कोणाच्या तरी पदोन्नतीतून.

पण दुसरी वाट होती, आणि ती सापडली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. तोवर मूळ कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, नवे लोक लिहीत होते. त्यांनी पायऱ्यांच्या सगळ्या मर्यादा काढून टाकल्या. कोणीही कोणताही पेशा घ्यावा, कितीही वर जावे. बुटका जादूगार झाला. मग माणसाचे काय? माणसाला त्यांनी एक जादा कसब दिले आणि शिकण्याचे थोडे जादा गुण दिले. बस्स! जो मागे पडतो त्याच्या पदरात थोडी भर घातली, दुसऱ्याची शिडी कापावी लागली नाही. खेळ बुडाला नाही, उलट जोरात चालला. सव्वीस वर्षे जो समतोल करवतीशिवाय होत नव्हता तो एका पानात झाला. बायकांची मर्यादा त्याआधीच, १९८९च्या आवृत्तीत गेली होती.

आणि खेळणारे पुस्तकांची वाट पाहत बसले नव्हते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. १९७४च्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनीच लिहून ठेवले होते, की आम्हाला विचारत बसू नका, खेळ तुम्हाला जसा हवा तसा करून घ्या. मुलांनी तेच केले. किती तरी टेबलांवर मर्यादेचे कोष्टक पहिल्यापासून गुंडाळून ठेवले जाई. कोणाच्या तरी लाडक्या बुटक्याला सहाव्या पायरीवर अडवायचे म्हणजे समोर बसलेल्या मित्राच्या तोंडावर नाही म्हणायचे. पुस्तकाला ते जमते. चहाचा कप हातात असलेल्या माणसाला जड जाते.

ऑर्कांचा प्रश्न त्यापेक्षा उशिरा सुटला. ते जन्मतःच दुष्ट, म्हणून त्यांना मारताना विचार करायचा नाही, हे बरीच वर्षे तसेच चालले. जून २०२० मध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले असताना, कंपनीने जाहीर केले की ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्रो एल्फ यांना सरसकट दुष्ट रंगवणे हे खऱ्या जगातल्या माणसांना हिणवण्याच्या पद्धतीशी मिळतेजुळते आहे, आणि ते बदलू. त्याच नोव्हेंबरात वंशावरून मिळणारे गुण हवे तिथे लावायची मुभा आली. डिसेंबर २०२२ मध्ये 'वंश' हा शब्दच टाकून 'प्रजाती' असा शब्द घेण्याचे ठरले. या शब्दबदलाचे मला फारसे कौतुक नाही. नाव बदलले की भेद जातो असे नसते, हे या पानाच्या वाचकाला मी काय सांगावे? पण २०२४च्या पुस्तकात खरा बदल आहे. बळ, बुद्धी वगैरेंतली जादा भर आता प्रजातीवरून मिळतच नाही. पात्र पूर्वी काय काम करत होते त्यावरून मिळते. सोळा कामे दिली आहेत: शेतकरी, पहारेकरी, खलाशी, कारागीर, सैनिक आणि इतर. त्यात 'सरदार घराण्यातला' असाही एक पर्याय आहे, म्हणजे जन्म अजून पुरता गेलेला नाही. आणि एक 'लेखनिक'ही आहे. लेखनिकाला कशात भर मिळते? चपळाई, बुद्धी आणि शहाणपण यांत. बळ नाही, छाप नाही. हे लिहिणाऱ्याने आमचे ऑफिस पाहिले असावे.

हा खेळ कोणाला हवासा वाटतो आणि कोणाला त्याची भीती वाटते, हेही पाहण्यासारखे आहे. गायगॅक्सच्याच विस्कॉन्सिन राज्यात वॉपन येथे तुरुंग आहे. तिथल्या एका कैद्याने स्वतःची गोष्ट हाताने लिहिली होती, शहाण्णव पाने. २००४ साली तुरुंगाने ती पाने आणि खेळाची पुस्तके जप्त केली. कारण असे दिले की एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात, ही टोळीची रचना झाली. कैदी कोर्टात गेला. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तुरुंगाची बाजू उचलून धरली. एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात ही टोळीची खूण धरली, तर आमचे ऑफिस पहिल्यांदा बंद करावे लागेल.

टेक्सासमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना एकेकट्या कोठडीत ठेवतात. माणसाला माणूस दिसत नाही. २०२३ साली तिथला वृत्तांत छापून आला, की त्यांच्यातले काही जण वर्षानुवर्षे हा खेळ खेळत होते. एकमेकांना ओरडून सांगायचे, नकाशे हाताने काढायचे, चिठ्ठ्या पाठवायच्या. फासे म्हणजे जुगार, म्हणून ते बाळगायला बंदी. तर त्यांनी आकडे लिहिलेल्या फिरत्या चकत्या केल्या. त्यांच्यात जो नावाजलेला सूत्रधार होता त्याने गुन्हा केला तेव्हा त्याचे वय अठरा होते. जुलै २०२० मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्या गुन्ह्याची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. एका माणसाचा जीव त्याने घेतला होता. पण ज्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही अशी माणसे भिंतीपलीकडून एकमेकांना विचारतात, "तू दार उघडतोस की थांबतोस?", आणि पलीकडचा विचार करून उत्तर देतो, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक-पेपर बाजूला ठेवून बसलो होतो.

आपल्या घरी कोणाला करून पाहायचे असेल तर महाग पुस्तके घेण्याची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने परवान्याच्या अटी कडक करायचा घाट घातला होता. जगभरच्या खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला, की कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग कोणालाही फुकट वापरता येईल असा खुला केला. तो इंग्रजीत आहे, पण दहावी झालेल्या मुलाला समजेल. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तरी अडत नाही. १९७९ साली अमेरिकेतच फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनी पेटीत फाशांऐवजी आकड्यांचे कागदी तुकडे घालून देत होती. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, रिकाम्या डब्यात टाका, डबा हलवा आणि एक काढा. काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायला विसरू नका, नाहीतर टक्केवारी बिघडते. चार माणसे पुरतात. शाळेतली मुले आणि आजी एकत्र बसली तरी चालते, आणि आजीला सूत्रधार केलेत तर गोष्टींचा तुटवडा पडणार नाही.